उपडा कप

बसा. विकी, तो मोबाईलचा टॉर्च आधी बंद कर, थेट डोळ्यांत येतोय. आणि टाकीमागची पिशवी तिथेच राहू दे. मी गच्चीवर आलो तेव्हाच पाहिली. मी काही बोलणार नाही. आज गटारी. आज सगळ्या मुलुंडात टाक्यांमागे पिशव्या असणार.

भुताची गोष्ट मी सांगावी याचं सौरभला हसू येतंय, आणि ते बरोबरच आहे. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी माझा जन्म. आमच्या घरात भुताला जागा नव्हती. आम्हा सहा भावंडांनाच ती पुरत नव्हती. पुढे सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. मी आजही भूत मानत नाही. म्हणून जे झालं तेवढंच सांगतो. नाव तुम्ही द्या.

दोन वर्षांपूर्वीची हीच रात्र. आषाढातली अमावस्या. साडेनऊचा सुमार.

तेव्हा मी पूर्वेला जुन्या सोसायटीत राहत होतो. तीन मजली, लिफ्ट नाही. ती आता पाडली. माझं दार आणि श्यामसुंदरचं दार समोरासमोर. माझं जेवण झालं होतं, तेवढ्यात त्याची मुलगी दीप्ती, त्याच्या भाषेत त्याचं चेडू, दारात आली. अंगात रेनकोट, हातात छत्री. म्हणाली, "सर, बाबांच्या गोळ्या संपल्यात. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन येते. बसाल ना थोडा वेळ?"

यात नवीन काही नव्हतं. त्याला एकटं ठेवता यायचं नाही. मी पेपर काखेत मारला आणि समोर गेलो.

तो पलंगावर बसला होता. मला बघून हसला. "काय मास्तर, आज शाळा नाय?"

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हा प्रश्न तो मला रोज विचारायचा, आणि दर वेळी नव्यानं. मीही रोज सांगायचो, सुट्टी आहे रे. मजा आसा तुमची, तो म्हणायचा. दहा मिनिटं गेली की पुन्हा, काय मास्तर...

जान्हवी, तू हसतेस. आम्हीही हसायचो. पहिले काही महिने.

त्याला काय झालं होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

श्यामसुंदर देवगडकडचा. भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात टर्नर होता, आणि त्यांच्या वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. हात फार गोड होता. गणपतीत रात्र-रात्र भजनाच्या बाऱ्या चालायच्या. त्या बाऱ्यांबरोबर बाटली आली. आधी बारी संपल्यावर, मग बारीच्या आधी, मग बारी नसतानाही. भांडखोर नव्हता. पिऊन आला की चपला हातात घेऊन जिना चढायचा, कुणाची झोप मोडू नये म्हणून. जेवण मात्र सुटलं. ताटाला हात लावायचा नाही. उत्तरा, त्याची बायको, त्याच्या वाटचा भात झाकून ठेवायची आणि सकाळी गच्चीवर कावळ्यांना घालायची. किती वर्षं त्या कावळ्यांनी श्यामसुंदरचा भात खाल्ला.

मग एकदा तो धडपडत आला आणि झोपला. उठला तेव्हा पाऊल टाकता येईना. डोळे एका जागी ठरेनात. बोलणं भलतंच. उत्तराला वाटलं, नेहमीसारखी जास्त झाली, उतरेल. अख्ख्या मजल्याला तेच वाटलं. ती चिडलेली होती. त्या दिवसांत तिनं त्याला भातसुद्धा विचारला नाही. तो दीप्तीला ओळखेना, तेव्हा कुठे हॉस्पिटलात नेला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे मेंदूचं चित्र काढून आम्हाला समजावलं. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या, न जेवणाऱ्या माणसाच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व उरत नाही. ते संपलं की मेंदूच्या अगदी आत, तळाशी, वाटाण्याएवढ्या दोन गाठी असतात, त्या सुकतात. आज जे घडलं ते आठवणीत जाण्याची वाट तिथून जाते. पहिल्याच दिवशी सुया टोचल्या असत्या तर बरंचसं वाचलं असतं. हे शेवटचं वाक्य उत्तरानं ऐकलं. त्यानंतर बाई काय बोलल्या, ते तिला मी घरी आल्यावर पुन्हा सांगितलं. तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

पाय सुधारले, डोळे ठरले. ती वाट काही उघडली नाही. जुनं सगळं शाबूत होतं. गाव, कारखाना, अभंग, लग्नातली भांडणं. नवं काही टिकेना. आणि जिथे भोक पडतं तिथे मेंदू स्वतःच काहीतरी भरतो. काल काय केलंस विचारलं तर तो सांगायचा, कणकवलीला बारी होती, पहाटे आलो. बाई म्हणाल्या, तो खोटं बोलत नाही, त्याला ते दिसतं.

दारू सुटली. मागायची आठवण झाली तरी तीही दहा मिनिटांत जायची. ज्यासाठी उत्तरानं अर्धं आयुष्य उपास केले, ते तिला असं मिळालं.

पाच वर्षं तिनं त्याला सांभाळलं. दिवसा ती एका पोळीभाजी केंद्रात कामाला जायची. त्याला एक काम अचूक जमायचं, ते म्हणजे चहा. हातांना सगळं आठवत होतं. रात्री जेवणं आटोपली की तो दोन कप चहा करायचा. चहानं झोप येणारी उत्तरा ही मी पाहिलेली एकटीच बाई. तिचा कप तो ओट्यावर ठेवून त्यावर बशी झाकायचा. ती भांडी आवरून चहा प्यायची, कप धुवायची आणि ओट्यावर उपडा ठेवायची. तो उपडा कप म्हणजे तिचा दिवस संपला. "माझां झालां," असं म्हणायची. मग देव जरी दारात आला तरी ती उठायची नाही.

त्या वर्षी शिमग्यानंतर ती गेली. कामावर, पोळ्या लाटता लाटता कोसळली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं. श्यामसुंदर उशाशी बसला होता. रडत होता. मग तिला उचलली, खाली नेली. तो माझा हात धरून मागे जिना उतरत होता. दुसऱ्या मजल्यावर त्यानं खाली उभी असलेली माणसं पाहिली आणि मला हळूच विचारलं, "मास्तर, कोण गेला?"

...

दहाव्याला त्याला नेलं नाही. उत्तराचा भाऊ काशीराम दहिसरला असतो, तो म्हणाला, भावजींना नेऊन उपयोग काय? घाटावरून घरी येईपर्यंत विसरणार, वर उन्हातान्हात पुन्हा रडणार. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे पिंपळावर बसून होते. शिवेनात. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन शब्द दिला, तुझं जे राहिलंय ते आम्ही करू. काशीराम म्हणाला, भावजींना अंतर देणार नाही. दीप्ती म्हणाली, मी बाबांना सोडून कुठे जाणार नाही. ऊन चढलं. कावळे बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मी मनात म्हटलं, पोटं भरलेली असतील.

घरी खरं दुखणं सुरू झालं. श्यामसुंदर विचारायचा, "उत्तरा खंय?" दीप्ती सांगायची, "बाबा, आई गेली." आणि ते त्याला पहिल्यांदाच कळायचं. दर वेळी पहिल्यांदा. त्याची बोटं दिवसभर पलंगाच्या कडेवर पखवाज वाजवत असायची. ती थांबायची. "कधी?" तो म्हणायचा. "माका कोणी सांगूक नाय?" आणि ऊर फुटल्यासारखा रडायचा. थोड्या वेळानं डोळे पुसायचा. आपण का रडत होतो ते आठवायचं नाही म्हणून ओशाळायचा. बोटं पुन्हा सुरू व्हायची. मग पुन्हा, उत्तरा खंय?

एका दिवसात एका मुलीनं आपल्या आईला किती वेळा मारायचं?

काशीरामनंच तोडगा काढला. गावाला गेलीय म्हणून सांग. भिंतीवरचा फोटो उतरला, हार गेला. आईच्या चपला पुन्हा दारात आल्या. पण रात्री तो झोपेना. चहा झाकून ठेवायचा आणि बसून राहायचा. शेवटी दीप्तीनं बाजारातून आईच्या होत्या तशाच हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या. रोज रात्री ती दिवा न लावता स्वयंपाकघरात जायची, एखादं भांडं सरकवायची, बांगड्या वाजवायची. बाहेरून तो म्हणायचा, "इलंस गो?" ती बोलायची नाही. आवाज वेगळा पडला असता. फक्त बांगड्या. तेवढ्यानं तो आडवा व्हायचा आणि त्याला झोप लागायची. मग ती तो गार झालेला चहा मोरीत ओतायची.

चार महिने हे चाललं होतं. ती एका कंपनीत अकाउंट्सला होती, तिथून घरी आली की आई व्हायची. आईसाठी ती एकदाही मोकळी रडली नाही. रडायचं तर घरात आई मेलेली असायला हवी होती.

एकदा जिन्यात मला म्हणाली, "सर, मला कधी कधी आवाज ऐकून वाटतं, आतमध्ये आईच आहे. आणि मग लक्षात येतं, मीच आत उभी आहे."

तर ती रात्र.

पाऊस थांबून सगळीकडून ठिबकत होतं. नाक्यावर गटारीचा गोंधळ चालला होता, कुणाच्या तरी टेम्पोत गाणी लागली होती. उत्तराच्या घरी या अमावस्येला दिवे पुजायचे, म्हणून दीप्तीनं ऑफिसातून येऊन समया घासल्या होत्या, आई लावायची तसे दिवे लावले होते. ते आता एकेक करून विझत चालले होते. श्यामसुंदरनं चहा केला. दोन कप. मला विचारलं, मी नको म्हटलं. एक कप घेऊन तो बाहेर आला. दुसरा आत ओट्यावर, वर बशी. येताना त्यानं स्वयंपाकघरातला दिवा मालवला. तेवढी काटकसर त्याच्या हातांना आठवत होती.

मला आठवलं, घरी गॅसवर दूध ठेवून आलोय. आलोच, म्हणून उठलो. दोन्ही दारं उघडी टाकून गेलो. गॅस बंद केला. परत आलो.

तो पलंगावर तसाच होता. बोटं चालू.

आत बांगड्या वाजल्या.

दीप्ती आली वाटतं, मी मनात म्हटलं. मी दुधाकडे गेलो तेवढ्यात आली असेल. मी पेपर उघडला.

भांडं सरकलं. पुन्हा बांगड्या.

"इलंस गो?" तो म्हणाला.

आता तो आडवा होणार म्हणून मी उशी सारखी केली. तो आडवा झाला नाही. मान वळवून आतल्या अंधाराकडे बघत राहिला. कुणी काही सांगत असावं आणि नीट ऐकू येत नसावं, तसा. बोटं थांबली होती.

"येतंय," तो म्हणाला. उठला. आत गेला. दिवा लावला नाही.

मला दीप्तीचं वाईट वाटलं. आज सापडली बिचारी, म्हटलं. बापलेकीतलं बोलणं ऐकू नये. पण घर केवढं? तो बोलत होता ते सगळं बाहेर येत होतं. त्याचंच. दुसरा आवाज नव्हता.

"... काय झालां?"

...

"खंयचो भात?"

...

"तां तू अजून धरून बसलंस?" तो हसला. हळू, पूर्वी हसायचा तसा. "अगो, माका आठवणाच नाय."

टेम्पोतलं गाणं संपलं होतं.

"... कधी?"

तो शब्द मी ओळखत होतो. चार महिन्यांपूर्वी समोरच्या दारातून तो मी रोज ऐकला होता. माझ्या हातातला पेपर खाली आला. दीप्तीनं सांगितलं, म्हटलं. आज पुन्हा सांगितलं. आता तो रडणार.

मी वाट पाहिली.

तो रडला नाही.

"माका कोणी सांगूक नाय," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगितलं.

...

"होय."

...

"होय. चेडू दमलां."

...

पाण्याचा आवाज झाला. नळाचा नव्हे. तांब्यातून हळू ओतल्याचा. बांगड्या. काच दगडावर टेकल्यासारखं काहीतरी.

मग काहीच नाही.

आणि जिन्यात चपला वाजल्या.

खालून वर. एकेक पायरी. दारात दीप्ती उभी राहिली. रेनकोटवरून पाणी गळत होतं, हातात मेडिकलची पिशवी. "सॉरी सर," म्हणाली, "नाक्यावर सगळे पिऊन उभे आहेत. वळसा घालून आले." तिनं रेनकोट काढायला हात वर केला. बाही मागे सरली.

हिरव्या बांगड्या तिच्या हातात होत्या.

त्यांचा आवाज झाला. तोच आवाज.

तिनं रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही.

त्या घराला पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. मागे दार नाही. खिडकीला ग्रिल. आत जायचं तर माझ्यासमोरून जायला हवं. मी जेमतेम मिनिटभर नव्हतो, आणि ती तेव्हा नाक्यावर होती.

तीच पुढे झाली. मी तिच्या मागे. तिनं बटण दाबलं.

तो ओट्याला टेकून उभा होता. एकटा. डोळे ओले, पण चेहरा शांत. ओट्यावर बशी बाजूला काढून ठेवलेली.

कप धुतलेला होता. उपडा. कडेवरून थेंब ओघळत होते.

मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग हातात घेऊन पाहिले. विज्ञानाचा मास्तर मी. तळवे, बोटं, बाह्या.

कोरडे होते.

"बाबा," दीप्ती म्हणाली.

त्यानं तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रड गो," म्हणाला. "आता रड."

ती रडली. चार महिन्यांचं रडली. तिथेच ओट्याखाली, फरशीवर बसून. तो तिच्याजवळ बसून होता. मी बाहेर आलो.

मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं होतील आणि तो विचारेल, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. रडता रडताही ती मधून त्याच्या तोंडाकडे बघायची. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास. तो बाहेर आला, मला बघून म्हणाला, "काय मास्तर, आज शाळा नाय?" मी सांगितलं, सुट्टी आहे. मी वाट पाहिली. तो पलंगावर आडवा झाला आणि झोपला.

मी घरी गेलो नाही. खुर्चीत बसून रात्र काढली.

सकाळी उठला आणि दीप्तीला म्हणाला, भात घाल. तिच्या वाटचो. ती उठली. भात झाला, तसा त्यानं स्वतःच्या हातानं गोळा केला, वर दही घातलं, आणि आम्ही तिघं गच्चीवर गेलो. पाऊस नुकताच ओसरला होता. समोरच्या पत्र्यावर कावळे भिजून बसले होते. त्यानं कठड्यावर भात ठेवला. हात जोडले नाहीत. भाताकडे न बघता, समोर कुणी उभं असावं तसं म्हणाला,

"जा तू. मी परत इचारूचंय नाय."

त्यानं हात मागे घ्यायच्या आत कावळा उतरला.

सौरभ, तुझ्या तोंडावर दिसतंय मला. कावळे त्याच घरच्या भातावर पोसलेले होते, पावसात उपाशी होते. मीही स्वतःला तेच सांगितलं. बांगड्यांचंही सांगितलं. शेजारच्या घरातून आवाज आला असेल. कपाचं सांगितलं. त्यानं धुतला असेल, हात पंच्याला पुसले असतील. प्रत्येक गोष्टीचं काही ना काही सांगता येतं.

भाद्रपदात त्याला तपासणीला नेला, तेव्हा मी बरोबर होतो. त्याच डॉक्टरबाई. त्यांनी त्याला तीन शब्द दिले. कमळ, रिक्षा, दोरी. लक्षात ठेवा म्हणाल्या. मग इकडचं तिकडचं बोलल्या आणि विचारलं, कुठले शब्द होते? तो म्हणाला, कसले शब्द? महिना कुठला, तर म्हणाला शिमगा. आज सकाळी काय केलंत, तर कणकवलीहून आलो, बारी होती.

बाईंनी मान हलवली. मग फाईल बंद करता करता, सहज, म्हणाल्या, "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि चेडू."

"आणि बायको?"

त्याची बोटं टेबलाच्या कडेवर चालू होती. थांबली.

"ती गेली," तो म्हणाला.

बाईंनी दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीनं नकारार्थी मान हलवली. मी नाही सांगितलं, ती म्हणाली. शिमग्यानंतर थोडे दिवस सांगितलं, मग कधीच नाही. बाई पुढे वाकल्या. त्या मेंदूत टिकायला नको ती गोष्ट त्यांना समोर बसलेली दिसत होती. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

लहान मुलानं काही विचारावं आणि मोठ्यानं त्याला समजुतीनं बघावं, तसं त्यानं बाईंकडे पाहिलं.

"तिनाच माका सांगल्यान."

...

बाईंनी फाईल उघडली होती. काही लिहिलं नाही.

श्यामसुंदर गेल्या माघात गेला. शेवटच्या दिवसापर्यंत मला विचारायचा, काय मास्तर, आज शाळा नाय? सकाळी जेवला का ते दुपारी आठवायचं नाही. दीप्तीचं लग्न ठरलं, ते त्याला आम्ही रोज सांगायचो आणि तो रोज नव्यानं हसायचा. उत्तरा कुठे आहे, हे त्यानं त्यानंतर एकदाही विचारलं नाही.

रात्री जेवणं झाली की तो उठायचा. आत जायचा. फळीवरून दोन कप काढायचा. एकात आपला चहा ओतायचा.

दुसरा धुवायचा, आणि ओट्यावर उपडा ठेवायचा.